ओंजळभर राख

फार मागे, ज्या सालाची नोंद कुणाच्याच दप्तरात सापडणार नाही अशा एका साली, डोंगरापलीकडच्या वाडीत ख्रिस्ती मंडळी राहत होती. साठ-सत्तर उंबरे, एक दगडी देऊळ, देवळासमोर चिंच आणि चिंचेला टांगलेली घंटा. वाडी साधी होती. पण तिच्याकडे एक पोथी होती आणि त्या पोथीचा तिला फार अभिमान होता.

तिला साक्षपोथी म्हणत. कुणावर संकट आलं आणि देवानं त्याला त्यातून तारलं, की वाडीचा लेखक त्याची साक्ष लिहून काढी. ते पान उपासनेत मोठ्यानं वाचलं जाई. ज्याची गोष्ट असेल तो उभा राही आणि एकटाच 'आमेन' म्हणे. त्यानंतरच ते पान दोऱ्यानं पोथीत शिवलं जाई. पूर्वजांनी हा नियम विचार करून घातला होता. लिहिणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

पुढे लोकांना घाई झाली. शेवटचं वाक्य संपायच्या आतच सगळं देऊळ एका आवाजात 'आमेन' म्हणू लागलं. ज्याची गोष्ट तो त्या गलक्यात उभा राही आणि खाली बसे. त्याचे ओठ हलले का, हे कुणी पाहत नसे.

वाचकहो, लहान असा की थोर, जिथे सगळे एकदम होकार देतात तिथे जरा कान टवकारा.

या पोथीचे लेखक होते बर्नबा गुरुजी. पांढरी दाढी, घुमणारा आवाज, आणि अक्षर असं की मोत्यांनी लाजावं. चाळीस वर्षांत त्यांनी लिहिलेल्या पानातलं एकही वाक्य कुणी बदललं नव्हतं. बदलणार कसं? कुणी काही सुचवायला गेलं की गुरुजी हात जोडून, डोळे मिटून म्हणत, "हे मला प्रभूनं दिलेलं आहे. यातला काना हलवायचा मला अधिकार नाही." पुढे कोण काय बोलणार? स्वतःची चूक देवाच्या पदराआड लपवायची ही फार सोयीची युक्ती आहे, आणि ती वापरणारे त्या वाडीपुरतेच होते असं कुणी समजू नये.

गुरुजींचे डोळे अधू झाले तेव्हा लेखणी रिबकाकडे आली. रिबका आठवडेबाजारात लोकांची पत्रं लिहून देणारी बाई. तिला एक सवय होती. पत्र लिहून झालं की ती ते वाचून दाखवी आणि विचारी, "असंच म्हणायचं होतं ना, मावशी? की सासूला सलाम उगाच घातला?" मावशी हसून म्हणे, "काढ तो सलाम." रिबका काढून टाकी. पत्र ज्याचं, शब्द त्याचे, एवढंच तिचं शास्त्र.

गुरुजींना हे शास्त्र पसंत नव्हतं. "रिबका, तुझ्या अक्षराला वळण आहे, पण वाक्यांत आत्म्याचा अभिषेक नाही," ते म्हणत. "तू फार विचारतेस. किती, केव्हा, कशानं. देवाच्या कामात एवढी चौकशी शोभत नाही."

रिबका मान खाली घाले. आपल्याला लिहिता येत नाही, असं तिला खरंच वाटू लागलं होतं. तिनं दोनदा लेखणी परतही नेऊन दिली होती. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून ती तिच्याकडे राहिली.

मग दुष्काळ पडला. एक साल नाचणी करपली, दुसऱ्या साली उगवलीच नाही. हंगामाच्या उपकारस्तुतीला दरवर्षी देवळात धान्याच्या राशी लागत. त्या साली लोकांनी वेदीपुढे रिकामी सुपं ठेवली. पोरं रडायचीही थांबली होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

देवळाच्या पाळकसाहेबांनी लोकांना धीर यावा म्हणून पोथी उघडली. चाळीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळाचं पान निघालं. गुरुजींनी ते पाठच म्हणून दाखवलं.

"त्या काळात नामी नावाची एक विधवा रानात गेली. तिनं गुडघे टेकले. प्रभूनं तिला जमिनीच्या पोटातला कडूकंद दाखवला. तिनं त्यावर प्रार्थना केली, आणि कडू ते गोड झालं. तिची तिन्ही लेकरं जेवली आणि तृप्त झाली."

"आमेन!" सगळं देऊळ गरजलं. बायका डोळे पुसू लागल्या. देवळातच ठरलं: उद्या, शनिवारी, सगळ्या वाडीनं रानात जायचं, कंद खणायचे, रविवारी उपासनेनंतर ते शिजवून, प्रार्थना करून, एका पंगतीत खायचे. चाळीस वर्षं नाचणी पिकत होती, त्यामुळे कंद शिजवणारे हात वाडीत उरले नव्हते. पण पोथीत सगळं लिहिलेलं होतंच.

शनिवारी सकाळपासून लोक खणू लागले. काळपट, केसाळ, डोक्याएवढे कंद. दुपारपर्यंत देवळापुढे ढीग लागला. ढोलकी वाजवणारा शिमोन ढिगावर हात ठेवून म्हणाला, "दिसायला माझ्या मेव्हण्यासारखा आहे. आतून तरी गोड निघो."

कुणाचीशी शेळी ढिगाजवळ आली. तिनं एक कंद हुंगला, नाक फेंदारलं आणि चिंचेचा वाळका पाला खायला निघून गेली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेळीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिची साक्ष कुणी धरली नाही.

तेवढ्यात गुरुजींनी रिबकाला बोलावलं. "नवं पान आजच लिहून ठेव. 'सगळ्या वाडीनं कंद खाल्ला, कडू ते गोड झालं आणि सगळे तृप्त झाले.' उद्या पंगत उठली की लगेच वाचू."

"पण गुरुजी, अजून कुणी खाल्लंच नाही."

"विश्वासानं लिही."

"विश्वास ठेवायला हरकत नाही. पण घडायच्या आधी घडलं म्हणून कसं लिहू?"

"मी कसं लिहीत आलो?" गुरुजी चिडून म्हणाले, आणि लगेच गप्प झाले.

रिबकानं त्यांच्याकडे पाहिलं. ते गप्प झाले नसते तर कदाचित तिनं ऐकलंही असतं. पण आता तिच्या मनात किडा वळवळू लागला. उद्याचं पान आज लिहायचं असेल, तर चाळीस वर्षांपूर्वीचं पान तरी कधी लिहिलं होतं? कुणाला विचारून?

ती देवळात गेली आणि तिनं पान पुन्हा वाचलं. फार गुळगुळीत होतं. कंद कुठून आणला, कसा चिरला, चूल कुणी पेटवली, काही नव्हतं. गुडघे टेकल्यापासून तृप्त होईपर्यंत बाईनं हातानं काही केल्याची खूण नव्हती. आणि 'तिन्ही लेकरं'? तिथे रिबकाचा हात थांबला.

पुनरुत्थानाच्या सणाआधी कबरस्तानातल्या क्रुसांवरची अक्षरं चुन्यानं उजळायचं काम रिबकाचं. कोपऱ्यातल्या एका वीतभर क्रुसावर ती दर वर्षी एकच ओळ रंगवी: 'बन्यामीन, नामीचा धाकटा. दुष्काळाच्या साली.' साल तेच होतं. म्हणजे लेकरं चार होती. पोथीत तीन होती.

आणखी एक गोष्ट. नामीबाई अजून जिवंत होती. वरच्या पठारावर लेकीकडे राहत होती. पण ते पान शिवलं गेल्यापासून ती देवळात आली नव्हती. वाडी म्हणे, ती गर्विष्ठ झाली. कुणी म्हणे, विश्वासातून ढळली. जिच्यावर देवाची एवढी कृपा झाली ती बाई देवळात का येत नाही, हा प्रश्न चाळीस वर्षांत कुणालाच पडू नये?

रिबकानं पाटी खाली ठेवली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" गुरुजींनी विचारलं.

"विचारायला."

"म्हणजे तुझा पोथीवर विश्वास नाही."

"देवावर आहे," रिबका म्हणाली. "पोथी तुम्ही लिहिली आहे."

हे शब्द तिच्या तोंडून कसे निघाले ते तिलाही कळलं नाही. मागून कुणी म्हणालं, "हिच्यातच दुष्टाई शिरली आहे." रिबकानं मागे पाहिलं नाही. तिची दोन पोरंही उद्याच्या पंगतीत बसणार होती.

पठारावर पोचेपर्यंत दिवस कलला. नामीबाई अंगणात काटक्या मोडत बसली होती. चेहरा सुरकुतलेला, नजर तीक्ष्ण.

"सलाम, नामीबाई. मी वाडीची लेखक."

"मग दुरूनच सलाम," म्हातारी म्हणाली. "तुमच्या लोकांनी एकदा माझी साक्ष लिहिली. तेवढी पुरे झाली."

"मी लिहायला नाही आले. तुमचं पान तुम्हाला वाचून दाखवायला आले."

नामीबाईच्या हातातली काटकी तशीच राहिली. "चाळीस वर्षांनी आलीस होय? वाच."

रिबकानं पाठ केलेलं पान म्हटलं. म्हातारी ऐकत राहिली. 'तृप्त झाली' आलं तेव्हा ती हसली, आणि ते हसू ऐकवत नव्हतं.

"पहिल्या दिवशी मी कंद नुसता उकडला. धाकट्याला फार भूक होती, त्यानं सगळ्यात आधी खाल्ला. घसा सुजला, तोंडाला फेस आला. तो संध्याकाळपर्यंत टिकला नाही. दुसऱ्या दिवशी मी रानात जाऊन देवाला शिव्या दिल्या. गुडघे टेकले नव्हते, जमिनीवर डोकं आपटलं होतं. तिथे एक कातकरीण लाकडं गोळा करत होती. तिनं मला उठवलं. पातळ चकत्या करायच्या, ओंजळभर राख घालून उकळायच्या, मग टोपलीत भरून रातभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. सकाळी जिभेच्या टोकाला लावून बघायच्या. खाज सुटली तर पुन्हा पाण्यात. माझी तीन पोरं त्या बाईमुळे जगली. तिला देवानंच धाडलं, असं मी तुमच्या गुरुजींना सांगितलं."

"मग त्यांनी लिहिलं का नाही?"

"म्हणाले, ती आपल्यातली नाही. आणि राख सांगितलीस तर राखेचाच महिमा होईल, देवाचा नाही. मेलेलं पोर सांगितलंस तर लोकांचा विश्वास खचेल." तिनं काटकी मोडली. "देवळात उभी राहिले बोलायला. तोवर सगळे आमेन म्हणून मोकळे. माझा आमेन अजून माझ्याकडेच आहे."

"नामीबाई, उद्या दुपारी सगळी वाडी तो कंद नुसता उकडून खाणार आहे."

म्हातारी उठली. "जावई! गाढव सोड रे!"

रात्री त्या उतारावर गाढव घालता येत नव्हतं, म्हणून पहाट फुटायच्या आत ते निघाले. तरी म्हातारीला सांभाळत देवळापाशी पोचायला रविवारची दुपार झाली. मोठ्या हंड्यात कंद शिजून तयार होता. लोक केळीची पानं मांडून बसले होते. पोरं हंड्याकडे टक लावून होती. शिमोननं वाट पाहायचं सोडून मान वळवली आणि ओरडला, "अरे, प्रभूसारखं गाढवावर बसून कोणीतरी येतंय! स्वागताला फांद्या आणा, फांद्या!"

दोन-चार जण हसले. मग म्हाताऱ्यांनी तिला ओळखलं आणि हसू थांबलं.

"खाऊ नका!" रिबका धापा टाकत म्हणाली. "राखेशिवाय आणि वाहत्या पाण्याशिवाय हा कंद विष आहे. नामीबाईंचं धाकटं पोर यानंच गेलं."

"पोथीत असं नाही," कुणीतरी म्हणालं.

"पोथीत नाही म्हणूनच मी आले," नामीबाई म्हणाली.

लोकांत कुजबुज सुरू झाली. एक बाई रागानं म्हणाली, "दोन दिवस पोराला सांगतेय, रविवारी जेवू. आता काय सांगू?" दुसरा म्हणाला, "चाळीस वर्षं देवळाकडे फिरकली नाही, आणि आज हिचं ऐकायचं?" सगळे गुरुजींकडे पाहू लागले.

गुरुजी उभे राहिले. ते लबाड नव्हते, हे इथे सांगायला हवं. स्वतःचं वाक्य चाळीस वर्षं मोठ्यानं वाचून वाचून त्यांनाच ते खरं वाटू लागलं होतं. खोटं बोलणाऱ्या माणसापेक्षा असा माणूस जास्त धोक्याचा.

"माझा प्रभूच्या शब्दावर विश्वास आहे," ते म्हणाले. त्यांनी हंड्यातली एक फोड काढली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि ती तोंडात घातली.

सगळे श्वास रोखून पाहत होते. गुरुजींनी दोनदा चावलं आणि गिळलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग ते हसू वाकडं झालं. त्यांनी गळ्याला हात लावला. ओठ सुजले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते खाली बसले आणि त्यांच्या त्या घुमणाऱ्या आवाजातून नुसती घरघर निघू लागली.

नामीबाई गाढवावरून उतरली. तिनं त्यांचं डोकं धरलं, घशात बोटं घालायला लावली, खाल्लेलं ओकवलं. "एकच फोड आहे. जगेल," ती म्हणाली. मग लोकांकडे वळली. "बघत काय बसलात? हंडा ओता. उरलेले कंद आणा, सुऱ्या आणा, आणि प्रत्येक घरातून राख आणा. ती तरी शिल्लक असेल."

ती संध्याकाळ अवघड होती. लोक उपाशी होते आणि त्यांच्या समोर अन्न होतं. ओढ्याला करंगळीएवढी धार उरली होती. तिच्या वाटेत टोपल्या ओळीनं मांडल्या आणि आया पोरांना घट्ट धरून बसल्या. सोमवारी सकाळी नामीबाईनं प्रत्येक टोपलीतली चकती जिभेला लावली. दोन टोपल्या तिनं पुन्हा पाण्यात ठेवायला लावल्या. कुणी वाद घातला नाही. बाकीच्या चकत्या वाडीनं खाल्ल्या. गोड नव्हत्या. मातकट लागत होत्या. पण कुणाचं पोर दगावलं नाही, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत वाडी त्यावरच जगली.

पुढच्या रविवारी गुरुजी देवळात आले. आवाज अजून परतला नव्हता. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी रिबकाच्या हातात दिली. तिनं वाचलं: 'राख मला माहीत होती. मी गाळली.' मग त्यांनी स्वतःच्या हातांनी पोथी उघडली आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या पानाचा दोरा उसवला. फार हळू उसवला.

रिबकानं नवं पान वाचलं. त्यात एकही मोती नव्हता. चकत्यांची जाडी होती, राख होती, टोपल्या होत्या, बन्यामीनचं नाव होतं.

"...आणि दोन मुठी राख घालून उकळावं..."

"आमेन!" सवयीनं अर्धं देऊळ बोललं.

"थांबा," रिबका म्हणाली. "हा आमेन तुमचा नाही."

नामीबाई मागच्या बाकावरून उठली. "दोन मुठी नाही गं. ओंजळभर."

रिबकानं तिथेच खोडलं आणि वरती 'ओंजळभर' लिहिलं. "आणि त्या कातकरणीचं नाव काय लिहू?"

म्हातारीनं मान हलवली. "नाव विचारायचं राहून गेलं."

"तसंच लिहिते," रिबका म्हणाली, आणि तिनं लिहिलं: 'देवानं धाडलेल्या त्या बाईचं नाव आम्ही विचारलं नाही.'

नामीबाईनं पान संपेपर्यंत ऐकलं. मग ती एकटी म्हणाली, "आमेन." त्या एका आवाजावर पान शिवलं गेलं.

पुढे रिबकाकडे लिहायला शिकायला माणसं येऊ लागली. आपल्या वाक्यांत अभिषेक नाही, म्हणून रडवेली होऊन येत. ती त्यांना म्हणे, "लिहिता येत नाही म्हणून घाबरू नका, ते येतं. न विचारता लिहायची भीती बाळगा. आधी प्रार्थना करा, मग चपला घालून ज्याची गोष्ट आहे त्याच्या दारात जा. जी बारीक गोष्ट तुम्हाला गाळावीशी वाटते, तिच्यावरच कुणाचं तरी पोर जगणार असतं. आणि लिहून झालं की त्याला वाचून दाखवा."

बर्नबा गुरुजींचा आवाज हळूहळू परतला, पण तो पुन्हा कधी घुमला नाही. ते देवळात शेवटच्या बाकावर बसत, आणि एखाद्या पानावर सगळे घाईनं आमेन म्हणू लागले की सगळ्यांत आधी हात वर करून थांबवणारे तेच असत.

तात्पर्य: देवाच्या नावानं लिहिणाऱ्यानं पहिला संशय स्वतःच्या सुंदर वाक्यावर घ्यावा, कारण देवाला मोठं करण्यासाठी गाळलेलं सत्य शेवटी माणसांच्या जिवावर उठतं.